आईच्या नायकाचा वास

आमच्या घरी स्वयंपाक आई करायची आणि वास मी घ्यायचे. लग्नाच्या आधी कधीतरी तिला टायफॉइड झाला होता. तापातून उठली, गळालेले केस परत आले, तिखटमीठ कळायला लागलं, वास मात्र गेला तो गेलाच. दूध उतू चाललंय हे तिला डोळ्यांनी दिसायचं, पण खाली लागलंय हे कळायचं नाही. मग मी घरात कुठेही असले तरी हाक यायची, "नंदे, नाक घेऊन ये!" मी अभ्यास टाकून ओट्याशी जाऊन उभी राहायचे आणि निकाल द्यायचे. जिरं करपतंय, तूप अजून कढलेलं नाही, कालची आमटी आज चालणार नाही. माझं नाक नकटं आहे आणि त्यावरून आत्यांनी मला लहानपणी भरपूर छळलंय, पण त्या नाकाचा मला भारी तोरा होता. घरात माझ्यावाचून पान हलत नाही असं ज्या वयात वाटायला हवं त्या वयात मला ते खरोखर वाटत होतं.

इतर आया पोराच्या टाळूत नाक खुपसतात. माझ्या आईनं मला कधी हुंगलं नाही. ती आपला गाल माझ्या डोक्याला लावून नुसती थांबायची. मला वाटायचं सगळ्याच आया असं करतात. मध्यंतरी ती करोनाची साथ आली तेव्हा इथल्या ओळखीच्या बायका फोनवर रडायच्या, कॉफीचा वास येत नाही, नातवाच्या कपड्यांचा वास येत नाही, आपण मेलोच की काय असं वाटतं म्हणायच्या. पंधरा दिवसांत बहुतेकींचं नाक परत आलं. मला मात्र तेव्हा आईची आठवण येऊन धड झोप लागेना. तिनं अख्खा संसार तसाच केला होता आणि त्याबद्दल एकदाही तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा आम्ही जयपूरला तिलक नगरात राहायचो. बाबा विमा कंपनीत अधिकारी, बदलीनं आलेले. वरचा मजला आमचा, खाली घरमालकीण भाभीजी, आणि दोघांत मिळून एकच जिना. जिन्यातून दिवसभर काही ना काही वर येत राहायचं. सकाळी भाभीजींच्या उदबत्तीचा धूर, दुपारी त्यांच्या केर-सांगरीच्या भाजीची आंबट फोडणी, संध्याकाळी मोती डुंगरीच्या गणपतीची घंटा. टेकडीवरचे मोर भर दुपारी असे ओरडायचे की नवीन माणूस दचकावा. आम्ही साताऱ्याचे. गोडा मसाला डब्यातून यायचा, कंदी पेढे पाहुण्यांबरोबर, आणि वर्षाला दोन बाटल्या माक्याचं तेल. ते आजी स्वतः कढवायची आणि बाबा रोज आंघोळीनंतर डोक्याला थापायचे. आई बोलायची साताऱ्याचं आणि लिहायची पुण्याचं. माझ्या बोलण्यात 'मतलब' आणि 'भैया' घुसले की ती म्हणायची, "तोंड धुऊन ये जा."

बाबा फार बोलायचे नाहीत. पेपर वाचायला बाल्कनीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायचे, आणि आपण बोललो तर पेपर खाली न करता "हं" म्हणायचे. त्यांच्या थोरल्या भावाचा, दादाकाकांचा, लष्करी गणवेशातला फोटो बाहेरच्या खोलीत होता. लग्न व्हायच्या आधीच सरहद्दीवर त्यांची गाडी दरीत गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. बाबा त्यांना 'दादा' म्हणायचे. आई काहीच म्हणायची नाही. फोटो पुसताना मी विचारलं की तुटक बोलायची, "फोटोतल्यांची काच नीट पूस, कडेला डाग राहतात." घरातल्या मेलेल्या दिराला असं कुणी म्हणत नाही हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

आई पुण्याच्या एका मासिकात लिहायची. आधी पाककृती, मग लहान कथा, आणि मी कॉलेजात जायच्या आधीच्या त्या उन्हाळ्यात संपादकांनी तिच्याकडे क्रमशः कादंबरी मागितली. प्रेमकथाच हवी होती. अट एकच, लग्नापूर्वी नायक-नायिकेनं एकमेकांना हात लावायचा नाही, कारण अंक घरातली सगळी माणसं वाचतात. मला वाटलं आई चिडेल. ती हसली. "बरंच झालं की. हात लावला म्हणजे संपलंच सगळं," म्हणाली. दुपारची भांडी झाली की ती कुलरसमोर जमिनीवर बसायची, मांडीवर पाट उपडा घालून त्यावर लिहायची आणि लिहिलेलं मला वाचून दाखवायची. कुलरच्या जाळ्यांत वाळा भरलेला असायचा, सगळी खोली ओली-गार वासाची व्हायची, आणि त्या वासात बसलेली ती एकटीच त्याच्या बाहेर असायची.

तिच्या नायिकेचं नाव कुमुद, नायकाचं माधव. पहिल्या प्रकरणात कुमुदला माधव दिसतच नाही. ती आत तांदूळ निवडत बसलेली आहे आणि तो तिच्या भावाला भेटायला आलाय. त्यानं दारात बूट काढले. पहिला बूट धाडकन पडला, दुसरा अगदी हळू ठेवला गेला. म्हणजे आत कुणीतरी आहे हे मधल्या वेळात त्याला कळलं होतं. एवढंच. दुसऱ्या प्रकरणात तो पाणी पिऊन तांब्या परत पाठवतो. माठातल्या गार पाण्यानं तांब्याला बाहेरून दहिवर आलंय आणि त्यावर त्याच्या बोटांच्या चार जागा कोरड्या राहिल्यात. कुमुद तांब्या उचलते तो त्या जागा सोडून. तिसऱ्यात ती दोघं घरच्या माणसांबरोबर एसटीनं कुठल्याशा लग्नाला निघालीत. समोरच्या सीटच्या लोखंडी दांडीवर एका टोकाला त्याचा हात, दुसऱ्या टोकाला तिचा, आणि इंजिनाची थरथर दोघांच्या हातांत एकच.

मी म्हटलं, "पण तो दिसायला कसाय ते लिही ना. गोरा, उंच, मतलब काहीतरी."

"डोळ्यांनी प्रेम होत न्हाई, नंदे," आई म्हणाली. "डोळ्यांनी पसंती होते. मुलगी बघायला येतात ते डोळ्यांनी बघतात, पोहे खातात आणि कळवतो म्हणून जातात. प्रेम कानांतनं शिरतं, नाहीतर नाकातनं. दार लावून घेता येत न्हाई तिथनं."

आणि तिथेच तिची गाडी अडली. एसटीच्या खिडकीतून वारा येतो आणि माधवच्या अंगाचा वास कुमुदपर्यंत पोचतो, असं तिनं लिहिलं आणि पुढे तिला काही सुचेना. दोन दिवस पाट तसाच. तिसऱ्या दिवशी तिनं मला जवळ बसवलं. "मला एक वास पायजे. आणशील?"

"कुणाचा?"

"माधवचा."

"तो तर तूच केलायस."

"म्हणून काय झालं? माणूस हाय, वास असणारच की." मग म्हणाली, "मला आठवतोय गं. पण फोटो आठवावा तसा आठवतोय. नाकात येत न्हाई. तू जे जे हुंगशील ते मला सांग, मी हो-नाही म्हणीन."

आता मी या वयाची झाल्यावर वाटतं की कुठलीही शहाणी मुलगी तिथेच विचारती, कागदावर केलेल्या माणसाचा वास आठवतो कसा? मी विचारलं नाही. मला काम मिळालं होतं, आणि कामही असं की त्यात मी पटाईत होते.

त्या चैत्रात लष्करी छावणीत मोरेकाकूंकडे हळदीकुंकू होतं. सुभेदार मोरेकाका साताऱ्याकडचेच. बायका आंब्याची डाळ आणि पन्हं घेत होत्या आणि मी मागच्या पडवीत टांगलेल्या गणवेशापाशी नाक घेऊन उभी. घरी येऊन सांगितलं, उन्हात वाळलेली खळ, गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. पट्ट्याच्या पितळेला लावलेलं पॉलिश, ते घशात जरा टोचतं. आईनं डोळे मिटून घेतले होते. "हो," म्हणाली. "खळ हाय. पितळेचं पण हाय. पण त्याच्या खाली आणखी एक हाय. कडू. हिरवा. पाण्याजवळ काहीतरी उगवतं ना, तसला." मग मी त्या कडूच्या मागे लागले. कडुलिंबाची काडी आणली, नाही म्हणाली. कुलरमधला जुना वाळा काढून त्याचं वर्णन केलं, नाही. मेथी, कोरफड, भाभीजींच्या कुंडीतली तुळस, झोटवाड्याच्या बाजारातून आणलेलं कसलंसं मूळ, सगळ्याला नाही. "त्यानं डोकं शांत होतं," एवढंच ती सांगायची.

या खटाटोपात माझं काय झालं ते सांगितलंच पाहिजे. रोज दुपारी मी त्या माणसाला थोडा थोडा जमवत होते. त्याचा हळू ठेवलेला बूट मला ऐकू यायला लागला. त्याची खळ, त्याचं पितळ माझ्या नाकात बसलं. कॉलनीतली मुलं सायकलवरून घिरट्या घालायची, त्यांच्याकडे माझं लक्षच जाईना, कारण ती सगळी नुसती दिसत होती. मी दुपारी जेवण झाल्यावर काजळ घालायला लागले. एकदा जिन्यात भाभीजींनी गाठलंच, "बिटिया, भरी दोपहर में सज के कहाँ चली?" मी कुठेच चालले नव्हते. वर आईसमोर बसून कागदावरच्या माणसाची वाट बघायला चालले होते. लाज वाटली, पण काजळ पुसलं नाही. मी माधवच्या प्रेमात पडले होते आणि ते मला छान कळत होतं.

मग ज्येष्ठातली ती दुपार आली. आई पाट घेऊन बसली होती. कुलरमधलं पाणी संपलं म्हणून मी बादली घेऊन बाहेर आले आणि जिन्याच्या तोंडाशी थबकले. जिन्यात तो होता. खळ, ताजी. पितळेचं पॉलिश. आणि त्यांच्या खाली तो कडू, हिरवा वास, जो मी महिनाभर शोधत होते, तो आपला सहज येऊन बसलेला. तिन्ही एकत्र, माणसाच्या अंगाच्या उंचीवर, आणि गरम. जिन्यात कुणी नव्हतं. खाली भाभीजींचं दार बंद, वर गच्चीची पायरी उन्हानं पांढरी झालेली. पळावंसं वाटलं आणि हलावंसं वाटेना. आजही, जयपुरातच वैशाली नगरातल्या आमच्या या इमारतीच्या लिफ्टमध्ये कधी दुपारी एकटी असले की तो वास येतो, अगदी क्षणभर, आणि मी माझा मजला आला तरी उतरत नाही. मुलगा म्हणतो, आई, कुणाच्यातरी डिओचा असेल. असेल.

मी आत गेले आणि म्हटलं, "आई, तो आलाय."

कोण, असं तिनं विचारलं नाही. पाट बाजूला ठेवला आणि अनवाणीच बाहेर आली. जिन्यात उभी राहून तिनं छाती भरून श्वास घेतला, एकदा, परत एकदा. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "कुठंय?"

"इथेच. तुझ्यापुढे."

"मला काहीच येत न्हाई गं." तिनं हात पुढे केला, भिंतीला लावला. "अजून हाय का?"

"आहे. वरून येतोय."

ती माझ्या आधी चढायला लागली. पायऱ्या तापल्या होत्या, तिच्या पायांना चटके बसत असणार. मला एकदम भीती वाटली ती वेगळीच. वर कुणीच नसलं तर ही काय करेल, आणि कुणी असलं तर?

गच्चीवर अडगळीची एक खोली होती. तिचं दार उघडं होतं आणि आत ट्रंकेसमोर बाबा बसले होते, बनियनवर, घामानं भिजलेले. त्यांच्या मांडीवर लष्करी गणवेशाचा शर्ट होता, नुकताच धोब्याकडून खळ घालून आणलेला, आणि ते फडक्यानं त्याचं एकेक पितळी बटण घासत होते. शेजारी पॉलिशची डबी उघडी. आम्हाला बघून त्यांचा हात थांबला.

"तुला कसं कळलं?" त्यांनी आईला विचारलं. त्यांना तेवढंच सुचलं असावं, कारण आपल्या बायकोला वास येत नाही याच्या भरवशावरच ते सगळं चाललं होतं.

"हिनं सांगितलं," आई म्हणाली.

बाबांनी मग माझ्याकडे बघून, अगदी कचेरीतल्या माणसाला सांगावं तशा आवाजात सांगितलं. दादाकाकांची ट्रंक आली ती आजीनं त्यांच्याकडे दिली होती. दर वर्षी त्या तिथीला ते अर्धी रजा काढायचे, शर्टाला खळ करून आणायचे, बटणं घासायचे आणि परत ठेवून द्यायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी साताऱ्याला असायचे, आईला वास यायचा नाही, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. "तुझ्या आईचं लग्न दादाशी ठरलं होतं," ते म्हणाले. "साखरपुडा झाला होता. तो गेल्याची तार आली आणि ही तापानं पडली. बरी झाल्यावर दोन्ही घरांनी मिळून माझ्याशी लावून दिलं. तिला आठवण करून कशाला द्यायची, म्हणून मी हे वरच करतो."

"मी लिहितेय ते..." आईनं सुरुवात केली.

"वाचतो मी. पाकीट चिकटवायचं काम माझंच असतं," बाबा म्हणाले. "एसटीत मी पण होतो. मागच्या सीटवर."

आई तिथेच खाली बसली. लांब कुठेतरी मोर ओरडत होता. मग तिनं तो शर्ट त्यांच्या मांडीवरून उचलला आणि त्यात तोंड लपवलं. तिचे खांदे वर-खाली होत होते, म्हणजे ती पुन्हा पुन्हा श्वास घेत होती. शेवटी शर्ट माझ्यापुढे धरून म्हणाली, "तू बघ. तो कडू हाय का ह्यात?"

मी हुंगलं. खळ होती, पितळ होतं, शिवणीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. माणूस नव्हता. इतक्या धुण्यांनंतर कुठून राहणार? आणि तरीही तो कडू वास खोलीत होता, अगदी जवळ, गरम. मी तशीच वाकून त्याच्या मागे गेले आणि बाबांच्या घामेजलेल्या डोक्याशी येऊन पोचले. माक्याचं तेल. आजीचं. जन्मापासून घरात होतं म्हणून माझ्या तरबेज नाकाला ते कधी आलंच नव्हतं. आजी दोन्ही मुलांच्या डोक्याला तेच थापायची.

"शर्टात नाही," मी म्हटलं. "बाबांच्या डोक्याला आहे."

आईनं शर्ट खाली ठेवला. गुडघ्यांवर पुढे सरकली आणि तिनं आपलं नाक बाबांच्या केसांत खुपसलं. तिला काही येणार नव्हतं, ते तिलाही ठाऊक होतं. तरी ती तशीच राहिली. मी त्या दोघांना इतकं जवळ कधी पाहिलं नव्हतं. बाबा हातात फडकं घेऊन दगडासारखे बसले होते, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते सुख नव्हतं. मला तेव्हाच समजलं की त्यांच्या डोक्यावर वाकलेली बाई दुसऱ्याच कुणाला भेटतेय असं त्यांना वाटतंय. आणि मी ज्याच्यासाठी महिनाभर काजळ घालत होते तो माझा सख्खा काका होता, तोही मेलेला. त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीतला फोटो मी खाली मान घालून पुसायला लागले.

आईनं ते प्रकरण लिहिलं, आणि पुढच्या दोन प्रकरणांत घाईघाईनं कुमुद-माधवचं लग्न लावून टाकलं. वाचकांना आवडलं म्हणे. तिनं पुन्हा लांबलचक काही लिहिलं नाही. पण संध्याकाळी बाबा वेताच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले की ती स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभी राहायची आणि जरा वाकायची. थोडा वेळ थांबून परत जायची.

पहिल्याच आठवड्यात ती अशी उभी असताना मी चहा घेऊन आले आणि दारातच अडले. खुर्चीतून चमेलीचा वास येत होता, बाजारातल्या तेलाचा, घमघमाट. माझं तोंड उघडलं. बाबांनी पेपरवरून माझ्याकडे पाहिलं आणि बारीक मान हलवली. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला मला बरोबर घेऊन गेले आणि वाटेत म्हणाले, "आईला सांगू नकोस."

"पण का बदललं?"

"डोक्याला दादाचं तेल नसताना येते का बघू," बाबा म्हणाले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "आजीला मी कळवतो, इथल्या पाण्यात ते तेल सोसत नाही म्हणून."

आई येत राहिली. मला वाटायचं बिचारीला काही ठाऊक नाही, ती दादाकाकांच्या डोक्यावर वाकतेय आणि खाली चमेली लावलेले बाबा बसलेत. संध्याकाळी त्या खोलीत आम्ही तिघं असायचो आणि मला चौथा मोजावासा वाटायचा. श्रावणातल्या तीजेच्या सणाला भाभीजी घेवर नावाची जाळीदार मिठाई घेऊन वर आल्या. आई सुरीनं त्याचे तुकडे करत होती. भाभीजी म्हणाल्या, "भाईसाहब आजकल चमेली बहुत लगाते हैं, पूरा जीना महकता है." सुरी थांबली. आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझा चेहरा तिला पुरला. "हाँ, लगाते हैं," ती म्हणाली आणि तिनं मोठा तुकडा भाभीजींच्या ताटलीत वाढला. मी संध्याकाळची वाट बघत राहिले. मला खात्री होती, आज ती येणार नाही. बाबांनी पेपर उघडला. ती हात पुसत आली, खुर्चीमागे उभी राहिली आणि वाकली. रोजच्यापेक्षा जास्त वेळ. ती त्याबद्दल माझ्याशी कधी बोलली नाही आणि मीही नाही. शेवटच्या आजारात तिला उठवेना, तेव्हा बाबाच खुर्ची उचलून तिच्या पलंगाशी घेऊन बसायचे.

ती गेली तीही जयपूरलाच. तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा बाबांनी मला विचारलं, "इथं माका मिळतो का गं?" पंसाऱ्याकडे, म्हणजे जडीबुटीच्या दुकानात, भृंगराज म्हणून मिळतो. मी आणला, आठवेल तसा तिळाच्या तेलात कढवला. बाबा त्या वेताच्या खुर्चीत बसले, बाटलीतून ओंजळीत तेल घेतलं आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. "माझंही होतं हे तेल," म्हणाले. "दादाच्या एकट्याचं नव्हतं. मी पाळण्यात असल्यापासून माझ्या डोक्याला हेच. चमेलीनं माझं कपाळ दुखायचं, तुला सांगतो, रोज. पण ती आली. न कळता का होईना, माझ्याकडे आली."

"आईला ठाऊक होतं, बाबा."

"काय?"

"चमेलीचं. भाभीजींनी सांगितलं होतं. पहिल्याच तीजेला."

तेल त्यांच्या बोटांतून मनगटावर ओघळत होतं, ते त्यांच्या ध्यानात नव्हतं. मला वाटलं ते रागावतील, इतकी वर्षं का बोलली नाहीस म्हणतील, आणि रागावले असते तर ते बरोबरच होतं. ते एवढंच म्हणाले, "तरी यायची?"

"तरी यायची."

बाबांनी मान वळवून मागे पाहिलं. मग तेलकट हातांनीच खुर्चीचे दांडे धरले आणि ती भिंतीपासून थोडी पुढे ओढली, मागे एका माणसाला उभं राहता येईल इतकी.